टेबलावर कामाचं बोलायचं नाही

रविवार, ४ मार्च, दुपार

छोट्या,

पत्र कसं सुरू करावं यावरच अर्धा तास गेला. आशीर्वाद लिहावेत तर ते देणारा मी कोण, आणि 'प्रिय' लिहिलं असतं तर तू हसला असतास. म्हणून नुसती हाक. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय म्हणजे तसंच काही कारण असणार, हे तू ओळखलं असशीलच.

बाबांची छाती गेली आहे. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षांचा भुसा आत बसलाय, तो आता निघायचा नाही. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, "जेवतायत तोवर जेवू द्या." तर ते जेवतायत. एरवी दोन घास, पण रविवारी सगळ्यांबरोबर टेबलाशी बसतात.

आपला रविवार अजून तसाच आहे, बाबांचे दोघे दोस्त जेवायला असतातच. साडेबाराला मास्तर येतात, आभाळ कोरडं असलं तरी काखेत छत्री. त्यांच्यामागून चष्मेवाले, दारातूनच विचारणार, "आज काय करपलं?" आई म्हणणार, "तुमची जीभ." दोघांना आता मिळून पंधरा-वीस दात असतील, पण बोलायला दात लागत नाहीत. आज तासभर वाद चालला, मांजर माणसाला ओळखतं की घराला. मास्तरांचं म्हणणं घराला. चष्मेवाले म्हणाले, "माझं मांजर मला ओळखतं आणि मुद्दाम ओळख दाखवत नाही, अगदी माझ्या सुनेसारखं." बाबा हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

नियमही तोच. टेबलावर कामाचं बोलायचं नाही, आणि जो बोलेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. बाबांचं ते वाक्य आठवतं ना, सहा दिवस लाकूड बोलतं, एक दिवस माणसांनी बोलावं. मागच्या महिन्यात चष्मेवाल्यांच्या तोंडून एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर निसटला, तर बाबांनी त्यांना बोटानं सिंक दाखवलं. बोटानं, असं लिहून गेलो. राहू दे, खोडत नाही.

तुझी खुर्ची आईनं हलवू दिलेली नाही. तिचा मागचा पाय डुगडुगत होता, तो मी सरस लावून बसवला. झालं ते होऊन गेलं, छोट्या. बाबांच्या हातावरून तुला आता कोणी बोलणार नाही. मी तर ते केव्हाच विसरलोय. एखाद्या रविवारी ये. आधी कळवलं नाहीस तरी चालेल, ताट असतंच.

दादा

ता. क. बाबा अजून दर शनिवारी हत्यारांना धार लावतात. वर्कशॉपला कुलूप आहे, पण पटाश्या घरी आणून घेतल्यात. डाव्या हातानं धरतात आणि उजव्याच्या उरलेल्या बोटांनी दाबतात. मी मदतीला गेलो की म्हणतात, "तू बस."

बुधवार, १४ मार्च

छोट्या,

तुझं कार्ड आलं. 'आलो तर त्या हाताकडे बघावं लागेल. माझ्यानं नाही होणार. बाबांना सांभाळ.' एवढंच. अक्षर पूर्वीसारखंच, पावसात भिजल्यागत.

ते कार्ड मी आईला दाखवलं नाही. पत्र पोचलं का, असं तिनं विचारलं, मी म्हणालो, अजून काही नाही. दुपारपासून ते समोर ठेवून बसलोय. मागच्या पत्रात 'केव्हाच विसरलोय' असं लिहिलं, ते खोटं आहे. आता जे लिहितो ते एका दमात लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा पेन उचलणार नाही.

करवतीचं झाकण तू विसरला नव्हतास. ते मी काढलं होतं.

त्या शनिवारी मशीनवर शेवटची पाळी तुझी होती, हे खरं. सहाला तू काम संपवलंस, भुसा झाडलास, पात्यावर झाकण होतं आणि ते नीट घट्ट होतं. तू शीळ घालत गेलास. मी कोपऱ्यावर उभा होतो, तू वळल्यावर मागच्या दारानं आत गेलो. वर्कशॉपमध्ये खाजगी काम करायचं नाही, हा बाबांचा दुसरा नियम. पण तुझी वहिनी तेव्हा वहिनी व्हायची होती, आणि तिला मला शिवणाची पेटी करून द्यायची होती. लाकूड मी आठवडाभर फडताळामागे लपवलं होतं. सगळं हातानं झालं असतं, फक्त तळाची पातळ फळी सरकवायला चारही बाजूंना आतून खाच हवी होती. मशीनवर ती दोन मिनिटांत होते. आणि झाकण बसवलेलं असताना खाच मारता येत नाही, झाकण धरणारी ती पात्यामागची पट्टी फळीला आडवी येते. हे तुला मी काय सांगायचं.

झाकण काढलं. खाचा मारल्या. बाहेर पावलं वाजली, मला वाटलं बाबा. मशीन बंद केली, लाकूड शर्टात कोंबलं आणि मागच्या दारानं पळालो. बाबा नव्हते, रस्त्यानं जाणारं कोणीतरी होतं. तेवीस वर्षांचा घोडा, आणि चोरासारखा पळालो. झाकण बाकावर राहिलं.

मग तो रविवार. तुला तो आठवतच असेल, मला तर त्यातलं प्रत्येक ताट आठवतं. आईचा केक मध्ये बसला होता आणि तू त्या खड्ड्यात दूध ओतून म्हणालास, "विहीर लागली." बाबांना हसून ठसका लागला. मास्तर म्हणाले, हा पोरगा स्वतःच्या लग्नाला जायचंही विसरेल. तू म्हणालास, "तुम्ही आठवण करायला असालच की." खिडक्या उघड्या होत्या, कोणाला कुठे जायची घाई नव्हती. इतकं शांत, इतकं भरलेलं जेवण आपल्या घरात त्यानंतर झालं नाही.

त्यात चष्मेवाल्यांनी पाण्याच्या तांब्यावरून हात पलीकडे नेला आणि पाव उचलला. नुसता हात. आणि मला बाकावरचं झाकण आठवलं. बाबा मशीनवर अगदी तसाच हात पात्यावरून पलीकडे नेतात, झाकणावर मनगट टेकून, न बघता. तीस वर्षांची सवय.

तोंड उघडलं होतं मी. आईनं विचारलंसुद्धा, "काय रे, मीठ हवंय?" मी मीठ घेतलं. टेबलावर कामाचं बोलायचं नाही, हे मी स्वतःला सांगितलं. भांडी घासावी लागतील, सगळ्यांपुढे पेटीचं बिंग फुटेल, बाबा चिडतील, एवढा छान दिवस नासेल. उद्या सगळ्यांच्या आधी जाईन आणि झाकण बसवीन, हे ठरवलं आणि अजून एक बटाटा वाढून घेतला. सोमवारी मी सातला गेलो. बाबा साडेसहालाच गेले होते, एका खिडकीची चौकट राहिली होती म्हणून. त्या मशीनवर झाकण नाही असं कधी झालंच नव्हतं, म्हणून त्यांनी बघितलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांचा हात बांधत होते, कोणीतरी विचारलं, शनिवारी शेवटी कोण होतं. तू म्हणालास, "मी. मीच विसरलो असेन." असेन, म्हणालास. तुला खात्री नव्हती. जो माणूस डबा, छत्री, किल्ल्या सगळं विसरतो त्याला खात्री कुठून असणार. मी तुझ्या शेजारी उभा होतो, चार बोटांच्या अंतरावर. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. आणि बाबा शुद्धीवर येऊन तुला म्हणाले, "माझं हत्यार तुझ्या हातात पुन्हा देणार नाही." आठ दिवसांनी तू गेलास. कुठल्याशा गोदामात माल मोजायचं काम करतोस, असं ऐकतो. आपल्या दोघांत हात तुझा चांगला होता. हे बाबाही म्हणायचे, आणि मला ते आवडायचं नाही, हेही आज लिहून टाकतो.

हे पत्र उद्या पोस्टात टाकेन. आणि रविवारी टेबलावर, सगळ्यांसमोर, बाबांना सांगेन. तू शक्य तर त्या दिवशी ये.

दादा

रविवार, १८ मार्च, दुपार

छोट्या,

मागचं पत्र टाकलेलं नाही. गुरुवारी पोस्टापर्यंत गेलो, तिकीट चिकटवलं, टपालपेटीसमोर दोन माणसं होती ती गेली, तरी उभा राहिलो. मग स्वतःला म्हणालो, आधी बाबांना सांगू, मग पत्र, तेच रीतसर. ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे.

आणि बाबांना सांगितलेलं नाही.

कारण ऐक. आज त्यांना बरं वाटत होतं. दाढी करून घेतली, धुतलेला शर्ट मागितला. मास्तरांना म्हणाले, छत्री उघडून दाखव, तिला कापड तरी आहे का. सूप दोनदा घेतलं. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, बघ. मी तोंड उघडणार होतो, खरंच उघडणार होतो, आणि बाबाच बोलले. चमचा खाली ठेवला आणि मास्तरांकडे बघत म्हणाले, "छोट्याला मी फार बोललो. एवढं बोलायला नको होतं. चूक सुताराकडून होतेच. त्यानं कबूल केली, तेवढी माझ्या बापानं कधी केली नव्हती."

मग आई म्हणाली, "कामाचं बोललात. आज भांडी तुमच्याकडे."

"घासतो की," बाबा म्हणाले. ज्यांनी नियम केला त्यांनीच आज तो मोडला, छोट्या. म्हणजे माझ्याकडे ती सबबही उरली नाही. दार सताड उघडं होतं. मी पावाची टोपली उचलून चष्मेवाल्यांपुढे धरली.

जेवणानंतर बाबा खरोखरच सिंकपाशी गेले. आईनं खुर्ची दिली. एक चमचा धुतला, एक पुसला, आणि म्हणाले, बाकीची उधार. मी शेजारी उभा राहून त्यांची ताटं विसळली. आम्ही दोघंच होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. ते म्हणाले, "तुझ्याकडे पत्ता आहे ना त्याचा? लिही त्याला. मी म्हटलंय म्हणून लिही."

मी हो म्हणालो. पुढच्या रविवारी सांगतो, छोट्या. ह्या वेळी नक्की. इतका चांगला दिवस होता, मोडवेना.

दादा

सोमवार, २६ मार्च

छोट्या,

बुधवारी सकाळी बाबा गेले, हे तुला वहिनीनं कळवलं. तू आलास. रात्रभर प्रवास करून आलास आणि अंगणाच्या भिंतीला टेकून उभा राहिलास, दोन्ही हात खिशात. बाबांच्या जवळ गेला नाहीस. आईनं हाक मारली तर मान हलवलीस. मी तुझ्यापासून वीस पावलांवर होतो, आणि माझ्या खिशात दोन पत्रं होती. तू दुपारच्या गाडीनं निघालास, तेव्हा मी लोकांना पाणी देत होतो. मुद्दाम देत होतो.

आता काल काय झालं ते सांगतो.

मला वाटलं होतं, ह्या रविवारी कोणी येणार नाही. साडेबाराला मास्तर आले, मागून चष्मेवाले. आज काय करपलं, असं काही विचारलं नाही. आईनं सगळ्यांची ताटं मांडली, बाबांचं, तुझंसुद्धा. बराच वेळ नुसते चमचे वाजत होते. चष्मेवाल्यांनी बिचाऱ्यांनी मांजराचं काढून बघितलं, मास्तर म्हणाले, "हो, घरालाच ओळखतं," आणि ते तिथेच संपलं.

मग आई तुझ्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "परक्यासारखा उभा राहिला भिंतीशी. बापाचं तोंड बघायची हिंमत झाली नाही माझ्या पोराची. बापानं माफ केलं होतं रे त्याला, तू लिहिलं होतंस ना?"

मी म्हणालो, "लिहिलं होतं. टाकलं नाही."

"का?"

आणि मी सांगितलं. त्याच टेबलावर, शनिवारपासून सोमवारपर्यंत, जसं तुला लिहिलं तसं. वर बघितलं नाही. माझ्या ताटात बटाटा होता, त्याच्याकडे बघून बोललो. संपल्यावर मास्तरांनी छत्री उचलली आणि परत ठेवली. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. त्यांना त्याशिवाय काही दिसत नाही, मला वाटतं म्हणूनच काढला.

तुझी वहिनी उठली. कपाटावरून ती शिवणाची पेटी काढली. अकरा वर्षं ती तिनं रोज वापरली आहे, आपल्या घरातलं प्रत्येक बटण तिनं त्यातून लावलंय, बाबांच्या शर्टाचीही, कारण बाबांना ती लावता यायची नाहीत. तिनं पेटी टेबलावर उपडी केली. रिळं, सुया, बटणं सगळी ताटांमध्ये पसरली. रिकामी पेटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "ही मला नको." बाकी एक शब्द नाही. आजही नाही.

आईनं ताटांतली बटणं एकेक करून वेचली. शेवटी म्हणाली, "पाचशे सत्तर रविवार. त्यांच्यासमोर बसून जेवलास." तिनं कधी मोजले कोण जाणे. मग म्हणाली, "टेबलावर कामाचं बोललास. नियम माहीत आहे ना?"

मी सगळ्यांची भांडी घासली. बाबांचं ताट कोरडंच होतं, तेही घासलं. आई दारात उभी राहिली आणि माझ्या पाठीकडे बघून बोलली. "पुढच्या रविवारपासून तू वाढायचंस. बसायचं नाहीस. ज्याची खुर्ची रिकामी ठेवलीस तो येऊन 'बस' म्हणेल, तेव्हा बस. नाही म्हणाला तर तेही त्याचंच."

मी हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तू बस म्हण किंवा म्हणू नकोस. मला बाबांना सांगायचं होतं आणि ते आता कधीच होणार नाही, माझ्या मनाचं मी बघून घेईन. पण तू भिंतीशी हात खिशात घालून उभा होतास, ते मला बघवत नाही. ते हात खिशातून काढ, छोट्या.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, ठेवायचं कारणही नाही. ह्या पार्सलात ती पेटी आहे, आणि न टाकलेली दोन्ही पत्रं आहेत. पेटीच्या तळाच्या खाचा बघ. तू सुतार आहेस, कुठल्या पात्याच्या आहेत आणि झाकण असताना त्या होतील का, हे तुला एका नजरेत कळेल. मग तळाची फळी काढ. तिच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलनं तारीख टाकली होती. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं ना, काम कोणतंही असो, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे दिवस लिहून ठेवायचा. तो शनिवार आहे. अकरा वर्षं तो आपल्याच घरात होता, बटणांखाली.

फळी मी सरसानं बसवली आहे, नुसती निघणार नाही, पटाशी लागेल. तुझ्याकडे नसणार, म्हणून बाबांची पाव इंचाची पाठवतोय, कापडात गुंडाळलेली. आईनंच काढून दिली. मी धार लावलेली नाही, बाबांनी शेवटच्या शनिवारी लावली होती तशीच आहे. बोटं जप.

दादा